भोईटे सुभेदारांचं कोरियन सन्मानपत्र

"भोईट्यांनी चीन पाहिला, पाकिस्तान पाहिला, नागा डोंगरातल्या जळवा पाहिल्या. कुणापुढे मान खाली घातली नाही. ही चोवीस अक्षरं म्हणजे धड एक प्लाटूनसुद्धा होत नाही. आठ दिवसांत शरण आणतो."

हे उद्गार सुभेदार नागनाथ भोईटे (निवृत्त) यांनी १९८८ च्या जून महिन्यात, जयपूरच्या आदर्श नगरातल्या आपल्या बैठकीच्या खोलीत, वाळ्याच्या कूलरसमोर उभं राहून काढले. हातात कोरियन लिपी शिकवणारी एक पुस्तिका होती. सून मालन कूलरमध्ये पाणी ओतत होती. बादली रिकामी करून ती म्हणाली, "मामंजी, पुस्तक उलटं धरलंय. त्या चित्रातली बाई डोक्यावर उभी दिसतीय."

सुभेदारांनी पुस्तिका लगेच सरळ केली नाही. शत्रूची पाहणी सगळ्या बाजूंनी करायची असते, हे सातवी पास बाईला कळायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग पाहणी आपोआपच संपल्यासारखी ती फिरवली.

या युद्धाचं मूळ भिंतीवर होतं. देवांच्या तसबिरींच्या रांगेत पहिल्या नंबरला एक चौकट होती. काचेआड वीतभर पिवळा कागद, त्यावर शाईनं लिहिलेल्या दोन ओळी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल ठसा. १९५३ साली युद्धकैद्यांवर पहारा ठेवायला भारताची फौज कोरियाला गेली, तेव्हा नागनाथ वीस वर्षांचे शिपाई होते. एका सकाळी तारेपलीकडच्या कैद्यानं कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी, हा कागद त्यांना दिला. माणूस वाकून आणि दोन्ही हातांनी काय देतो? सन्मानपत्र देतो. इतका तो सरळ विचार होता. नागनाथांनी सॅल्यूट ठोकला आणि कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्यांची ड्यूटी बदलली, दुभाष्या कधी मोकळा सापडला नाही, आणि कागद ट्रंकेतून साताऱ्याला येऊन चौकटीत बसला.

पुढे दर बदलीबरोबर तो कागद मोठा होत गेला. बेळगावात तो एका कैद्यानं दिलेला होता. झाशीला पोचेपर्यंत कैद्यांच्या पुढाऱ्यानं दिलेला झाला. जयपुरात सुभेदार निवृत्त होऊन स्थायिक झाले तेव्हा तो समस्त कोरियन जनतेनं दिलेला होता आणि कोपऱ्यातल्या ठशाची राजमुद्रा झाली होती. दर सव्वीस जानेवारीला चौकटीला हार पडे.

तिथल्या भाषेतले सहा शब्द सुभेदारांनी छावणीत कानांनी उचलले होते, आणि घरात ते हुकमासारखे वापरत. पाणी हवं तर "मुल". घाई असली तर "पल्ली पल्ली". आणि सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे "सोगुम", म्हणजे मीठ. डॉक्टरांनी सुभेदारांचं ब्लडप्रेशर पाहून मीठ कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळे मालन हात आखडून मीठ घाली. सुभेदार पहिला घास घेत, ताट अर्धा इंच पुढे सरकवत आणि म्हणत, "सोगुम. अडाणी हाताला अंदाज नाही." आठ वर्षं, दिवसातून दोनदा. रेल्वेत असलेला मुलगा गुलाबराव बहुतेक लाइनवरच असे, म्हणून त्याच्या वाट्याचं ऐकून घेण्याचं कामही मालनकडेच होतं.

सारं सुरळीत चाललं होतं. पण जयपूरच्याच दुर्गापुऱ्यात शेषराव निनावे राहत होते.

शेषराव मूळ नागपूरचे, रेल्वेचे निवृत्त गार्ड आणि मराठी मंडळाचे चिटणीस. दहा वर्षांपूर्वी मंडळाच्या झेंडावंदनाला त्यांनी झेंडा हातात घेतला तेव्हा सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाले होते, "निनावे, ही मालगाडी नाही." तेव्हापासून शेषराव संधीची वाट पाहत होते. गार्डाच्या सवयीनं ते प्रत्येक गोष्ट वेळेसकट एका छोट्या वहीत टिपून ठेवत. ते मालगाडीचं वाक्यही त्या वहीत होतं, सकाळी आठ वाजून बारा मिनिटांसह.

त्या वर्षी सप्टेंबरात सोलला ऑलिम्पिक होणार होतं. उद्घाटन सतराला, आणि मंडळाच्या गणपतीचा चौथा दिवसही सतराच. शेषराव मे महिन्याच्या भर उन्हात सायकल हाणत आदर्श नगरात आले, चहा प्यायले आणि चौकटीकडे बघत म्हणाले, "काऊन जी सुभेदार, हे वाचता येते ना तुमाले? का नुसतंच पाहता?"

"येतं," सुभेदार म्हणाले. पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर विचार न करता बाहेर पडलं.

"मंग झालं. कार्ड छापाले टाकतो."

आणि खरोखरच टाकलं. गणपतीला साडेतीन महिने असताना रेल्वे कॉलनीपासून लष्करी छावणीपर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात कार्ड पोचलं: शनिवार, सायंकाळी पाच, सुभेदार ना. भोईटे यांचे कोरियन सन्मानपत्राचे मूळ भाषेत वाचन आणि मराठी अनुवाद. वाचता आलं नाही तर सुभेदारांना जयपुरात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, आणि दुसरं कुठे घरही नव्हतं. गुलाबरावाच्या हापिसात एका रेडिओवेड्याला सोलच्या रेडिओ केंद्रानं लिपीची पुस्तिका फुकट पाठवली होती. ती घरी आली. पुस्तिका इंग्रजीत होती. पण सुभेदारांना फौजेनं रोमन लिपी शिकवली होती, तेव्हा तेवढं निभावलं.

मोहीम पहाटेच्या थंडाव्यात सुरू झाली. सुभेदारांनी चोवीसही अक्षरांची हजेरी घेतली. पहिलं विळ्यासारखं, ते क. चौकोनी खोका, तो म. एक नुसतंच गोल होतं. ते शब्दाच्या सुरुवातीला उभं राही आणि काहीच बोलत नसे, फक्त जागा अडवी. शेवटी आलं तर मात्र नाकातून आवाज काढी. "हा निनावे," सुभेदार म्हणाले, आणि ते एक अक्षर त्यांना जन्मभरासाठी पाठ झालं.

बाकीची मात्र शिस्त नसलेली जात होती. एका रांगेत उभी राहायला तयार नाहीत. दोन-दोन, तीन-तीन गोळा होत आणि दहीहंडीच्या थरांसारखी एकमेकांच्या खांद्यावर चढत. सुभेदार डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जात, तोवर खालच्या थरातला गडी राहून जाई. ते पुस्तिकेला शिव्या देत. पुस्तिका ऐकून घेत नसे, म्हणून मग त्याच शिव्या मालनला मिळत: चहा गार झाला म्हणून, झाडूचा आवाज येतो म्हणून, ती मागून जाताना वहीवर सावली पडते म्हणून.

सावली मुद्दामच पडत होती. सुभेदारांनी प्रत्येक अक्षराशेजारी देवनागरीत उच्चार लिहिला होता, आणि मालन केर काढताना, फर्निचर पुसताना, शेंगा सोलताना त्यावर नजर टाकत होती. तिच्या मनात काय होतं ते सुभेदारांना कळलं जुलैच्या मध्यात.

त्या दिवशी त्यांनी पानभर सराव केला होता. प्रत्येक शब्द लिहून झाला की साताऱ्याच्या शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून शिकवल्याप्रमाणे ते वर एक ठसठशीत रेघ ओढत. रेघेशिवाय अक्षर म्हणजे टोपीशिवाय शिपाई. पान देखणं दिसत होतं. पण पुस्तिकेशी ताडून पाहिलं तर निम्मे शब्द भलतेच झाले होते.

"रेघेनं व्हतंय ते," मालन शेंगा सोलता सोलता म्हणाली. "त्यो न हाय ना, त्याच्या डोक्यावर रेघ दिली की त्याचा त व्हतो. आन् स ला दिली की च. तुमी समद्यांना टोप्या घातल्या, मामंजी. आता कोण कोण हाय ते त्यांचं त्यांनाबी कळंना."

सुभेदारांनी तपासलं. खरं होतं. त्यांनी विचारलं की हे तिला कुणी शिकवलं. कुणी नाही, ती म्हणाली. मग तिनं हातातल्या शेंगांकडे बघत चोवीस अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, मध्ये एकदाही न अडखळता. सुभेदार स्वतः त्या दिवशी सतराव्या अक्षरावर होते. त्यांनी तिला सांगितलं की फौजी कागदपत्रात नाक खुपसणं हा गुन्हा आहे आणि शेंगा स्वयंपाकघरात जाऊन सोलायच्या. ती उठली. जाताना टरफलं तिथेच राहिली. ती कुणी उचलायची यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

ऑगस्टात सुभेदारांनी सगळी अक्षरं जिंकली आणि चौकटीवर चाल केली. पराभव पहिल्याच ओळीत झाला. काही अक्षरं ओळखीची होती, पण जुळवून वाचलं की तोंडात खडे आल्यासारखा आवाज होई. आणि टोक खाली असलेली दोन-तीन अक्षरं तर पुस्तिकेत कुठेच नव्हती. चार दिवस ते खुर्ची टाकून चौकटीपुढे बसले. कैदी अडाणी असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग छपाई चुकली असावी. मग कोरियानं मधल्या पस्तीस वर्षांत अक्षरं बदलली असावीत.

पाचव्या दिवशी मालन स्टुलावर चढून तसबिरी पुसत होती.

"सांगू का?" ती म्हणाली. "का शेंगा सोलायला जाऊ?"

सुभेदारांनी खुर्ची बाजूला सरकवली. तिनं चौकट खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांत धरली आणि स्टिअरिंग फिरवावं तशी अर्धी फिरवली. खाली टोक असलेली अक्षरं टोक वर करून उभी राहिली. राजमुद्रा खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली, जिथे माणूस सही करतो, आणि तिथे ती राजमुद्रा दिसेना. अंगठा दिसू लागला.

चौतीस हार पडले होते. दोन कर्नल आणि एका आमदारानं तिला नमस्कार केला होता. सगळं उलट्या कागदाला.

सुभेदारांनी पहिला हुकूम दिला तो चौकट पूर्वीसारखीच उलटी टांगण्याचा. शेषराव आठवड्याला चहाला येत. ठसा वरून खाली आलेला दिसला असता तर दोन मिनिटांत वहीत नोंद झाली असती. म्हणून मालननं सरळ बाजूनं कागदाची नक्कल वहीत उतरवून घेतली आणि चौकट पुन्हा आपल्या जागी डोक्यावर उभी राहिली.

दुपारी दोघं वहीपुढे बसले. सुभेदारांचा चष्मा घामानं घसरत होता, म्हणून वाचायला मालननं सुरुवात केली. एकेका थरावर बोट ठेवत, शाळेतल्या पोरीसारखी.

"ने-इल. सो-गुम. चोम. चु-से-यो."

सुभेदारांच्या तोंडातली सुपारी थांबली. "पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या शब्दावर ती स्वतःच थांबली. तो शब्द आठ वर्षं, दिवसातून दोनदा, ताटापलीकडून तिच्या अंगावर येत होता. तो कसा दिसतो हे मात्र ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"मामंजी, हे तर मीठ."

दुसरी ओळही तिनंच वाचली: "सोगुमी ओप्सुम्निदा." नाही म्हणायला छावणीत 'ओप्सो' म्हणत, हे सुभेदारांना पक्कं ठाऊक होतं. बाकीचे शब्दही कानावरून गेलेले होते, भात वाढताना रोज ऐकलेले. वाचायला ती होती आणि ऐकायला ते होते. दोघांत मिळून कागद पुरा झाला. उद्या थोडं मीठ द्या. मीठ नाही. खाली अंगठा.

सुभेदारांना तारेपलीकडचा माणूस आठवला, त्याचं वाकणं, दोन्ही हात. दुसऱ्या दिवशी आपली ड्यूटी बदलली, हेही आठवलं. तो मात्र वाडगा घेऊन तारेशी उभा राहिला असणार, कारण आदल्या दिवशी त्याला सॅल्यूट मिळाला होता. हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही. तो त्यांनी दाबून टाकला आणि म्हणाले की शब्दांना अनेक अर्थ असतात.

"व्हय," मालन म्हणाली. "जेवताना एक आन् भिंतीवर एक."

ती बाहेर बोलणार नव्हती. पण एक अट होती. कार्यक्रमात मंडळासमोर सांगायचं की हा कागद मालननं वाचला, सातवी पास असून. बाकी अनुवाद तुम्हाला हवा तो करा. सुभेदार "बघू" म्हणाले. फौजेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या "बघू"चा अर्थ तिला माहीत नव्हता.

सतरा तारखेला मंडप भरला होता. स्टेजवरच्या टेबलावर बगरूची छापील चादर होती, तिच्यावर चौकट, पूर्वीसारखीच उलटी. पहिल्या रांगेत शेषराव बसले होते, मांडीवर वही, पेन्सिलीला टोक. सुभेदार उभे राहिले, चौकटीकडे एकदा पाहिलं आणि वाचलं. पाठ केलेलं नव्हे, खरोखर वाचलं. तीन महिन्यांत माणूस उलटी अक्षरंसुद्धा वाचायला शिकतो. आवाज परेडीचा होता. पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

मग अनुवाद. तो त्यांनी सचोटीनं केला. फक्त एक शब्द बदलला.

"उद्याच्या कोरियालाही थोडं असंच शौर्य द्या," सुभेदार म्हणाले. "तुमच्यावाचून इथे शौर्य नाही."

टाळ्या थांबल्यावर शेषराव उठले. "ते सोगुम दोनदा आलं जी. त्याचा अर्थ काय म्हना?"

"शौर्य," सुभेदार म्हणाले.

शेषरावांनी लिहून घेतलं. पाच वाजून बावीस मिनिटं, सोगुम म्हणजे शौर्य. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो पाहून सुभेदारांच्या अंगात आलं. कुणीतरी विचारलं की इतक्या वर्षांनी भाषा लक्षात कशी राहिली. ते म्हणाले, जी गोष्ट रणांगणावर शिकली जाते ती शाळेत जाऊन येत नाही. कुणी शिकवली नाही, मुळात शिकवणारं होतं कोण? बायकांच्या रांगेत मालननं पदर सारखा केला. हरलेल्या शत्रूला जेवू घालण्याची फौजेची रीत असते, असंही सुभेदारांनी त्याच ओघात जाहीर करून टाकलं आणि शेषरावांना रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. दहा वर्षांत शेषरावांनी त्या घरात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यांनी वेळ विचारली आणि लिहून घेतली.

आठला पानं मांडली. मालननं नऊवारी नेसून सगळं केलं होतं: भरली वांगी, आमटी, भात, पोळ्या, काकडीची कोशिंबीर, वर तूप. सुभेदारांनी ताटाकडे नजर टाकली. काहीतरी कमी वाटलं, पण काय ते लगेच लक्षात आलं नाही. पहिला घास घेतल्यावर आलं. ताट वाढायला ज्या चिमटीपासून सुरुवात होते, ती वरची चिमूट आज वाढलेलीच नव्हती. ताटाच्या कडेला नव्हती, वांग्यात नव्हती, आमटीत नव्हती, पोळीतही नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं.

शेषरावांनी एक घास खाल्ला, पाहुण्यासारखा दुसराही खाल्ला. मात्र त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, मग यजमानाकडे.

सुभेदारांनी सवयीनं ताट अर्धा इंच पुढे सरकवलं आणि तोंड उघडलं. शब्द जिभेवर येऊन उभा राहिला. शेषरावांच्या ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकून, वही होती. सुभेदारांनी तोंड मिटलं आणि ताट अर्धा इंच मागे घेतलं.

मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चिनी मातीची बरणी होती. झाकण काढलेलं होतं.

"काही हवं का, मामंजी?" तिनं विचारलं. "रोजच्यासारखं कोरियनमधी सांगा की. निनावेकाकांना बी ऐकू द्या."

"हो जी," शेषराव म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं वही ओढली, पान उलगडलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "जेवनाच्या टायमाचे दोन शब्द मले पाह्यजेच होते."

घड्याळ टिकटिकत होतं. कोशिंबिरीला पाणी सुटत होतं. भिंतीवर चौकट परत टांगलेली होती, डोक्यावर उभी, आणि तिच्यातल्या दोन्ही ओळी आता सुभेदारांना खुर्चीवरून, चष्म्याशिवाय, स्पष्ट वाचता येत होत्या. न वाचायचं ठरवलं तरी वाचता येत होत्या.

त्यांनी आमटीची वाटी उचलली. एका हातानं वाटी पुढे करण्याची त्यांची जन्माची सवय. पण या वेळी दुसरा हातही वाटीखाली गेला आणि मान थोडी वाकली.

"मालनबाई," सुभेदार मराठीत म्हणाले, "थोडं मीठ द्या."